निळ्या चहाचं तारुण्य

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या त्या मंगल कार्यालयाबाहेर एवढ्या चपला साठल्या होत्या, की आत लग्नच आहे असं कुणालाही वाटलं असतं. साठीच्या बायका, पन्नाशीचे पुरुष, केस रंगवलेले, केस गेलेले, सगळे पुन्हा पंचविशीचे व्हायला आले होते. व्यासपीठावर पाच किटल्या वाफाळत होत्या आणि त्यांच्यामागे पिस्ता रंगाच्या रेशमी कुडत्यात चहायोगी धनराजजी बसले होते. त्यांचं स्वतःचं वय किती, हे कुणी विचारत नव्हतं. त्यांनीच ते एकशे दहा सांगून ठेवलं होतं, आणि चेहरा चाळिशीचा दिसत होता. म्हणजे चमत्कार सिद्धच झाला की नाही?

"मातांनो, बंधूंनो," धनराजजींनी गळ्यात मध ओतल्यासारखा आवाज काढला, "म्हातारपण येत नसतं. ते तुम्ही रोज सकाळी पिता. दूध, साखर, आलं घालून, उकळून उकळून पिता. आसामातल्या गुहेत माझ्या गुरूंनी मला पाच चहा दिले. हिरवा त्वचेला, पांढरा केसांना, लाल रक्ताला, केशरी सांध्यांना. आणि हा निळा, आत्म्याच्या सुरकुत्यांना."

आत्म्यालाही सुरकुत्या पडतात, ही बातमी नाशिककरांना त्या दिवशीच कळली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तर लगेच गालाला हात लावून पाहिला.

तिसऱ्या रांगेत उज्वला बसली होती. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि असल्या ठिकाणी यायला तिचा जीव अजिबात तयार नव्हता. पण शेजारच्या संध्याताईंनी तिच्या सासूबाईंना, कुसाबाईंना, गळ घातली होती, आणि कुसाबाई एकट्या गेल्या असत्या तर तिथून काय काय घेऊन आल्या असत्या कोण जाणे. म्हणून पहारेकरी म्हणून उज्वला आली होती.

आता 'वयदर्शन' सुरू झालं. नव्या माणसाला एका तबकातून पांढरा रिकामा कप मिळायचा. तो छातीशी धरून डोळे मिटायचे, मनात आपलं वय म्हणायचं. मग सेविका त्यात निळा चहा ओतायची, आणि सगळ्यांच्या देखत तो चहा जांभळा व्हायचा, जांभळ्याचा गुलाबी व्हायचा. जितका गुलाबी, तितका माणूस आतून म्हातारा. ज्यांचा पाच चहांचा कोर्स पुरा झाला होता, त्यांना दुसऱ्या तबकातला कप मिळायचा, आणि त्यांचा चहा निळाच्या निळा. टाळ्यांवर टाळ्या.

संध्याताईंचा चहा गुलकंदाच्या रंगाचा झाला. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथे पाचही पाकिटं घेतली.

मग कुसाबाईंची पाळी आली. इथं त्यांची एक सवय सांगायला हवी. कुसाबाईंचं सगळं आयुष्य घोटीच्या बाजारात भाजी विकण्यात गेलं. तिथल्या टपरीवर गावाचे कप एकाच बादलीत बुचकळायचे, ते बघून बघून त्यांना किळस बसली होती. तेव्हापासून परका कप हातात आला, की पिशवीतली स्वतःची बाटली काढायची, कपात पाणी घालायचं, बोट फिरवायचं, ते पाणी फेकायचं आणि मगच चहा घ्यायचा. उज्वलाला बघायला आल्या होत्या, तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. उज्वलाच्या आईने ते अजून विसरलेलं नव्हतं.

इथंही त्यांनी कप विसळला, पाणी शेजारच्या कुंडीत फेकलं, छातीशी धरला. सेविकेने चहा ओतला. चहा निळाच राहिला. सगळं सभागृह मान उंचावून बघत होतं, पण तो काही बदलायचं नाव घेईना.

धनराजजी क्षणभर गडबडले. पण ज्याचं पोट जिभेवर चालतं त्याची जीभ फार वेळ अडत नाही. ते उठले, व्यासपीठावरून उतरले आणि कुसाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले.

"माउली, एकही पेला न घेता ज्याचा चहा निळा राहतो, असा देह मी आज पहिल्यांदा बघतोय. तुमच्या आत रोगाला जागाच नाही. गोळ्याबिळ्या घेता का काही?"

"परेशरची घेते एक."

"निरोगी देहात विष कशाला ओतता, माउली?"

घरी जाताना रिक्षात कुसाबाई हसत होत्या, आणि घरी आल्यावर आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. चेहऱ्यावर आयुष्यभराचं ऊन तसंच होतं. तरी त्यांना काहीतरी वेगळं दिसत असावं. खरं सांगायचं तर उज्वलालाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. म्हातारं माणूस दोन दिवस खूश राहिलं तर आपलं काय जातं, असं ती मनाशी म्हणाली.

काय जातं ते तीनच दिवसांत कळलं. कुसाबाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. उज्वलाने त्यांना डॉक्टर आशाताईंकडे नेलं. रक्तदाब मोजून आशाताईंनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजला, आणि विचारलं, "आजी, गोळी कधीपासून बंद केलीत?"

कुसाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"चहा कुठल्याही रंगाचा प्या, मी नाही म्हणणार नाही," आशाताई म्हणाल्या. "पण हे असंच राहिलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल. मग हे रंग बघायला मला बोलवू नका."

घरी आल्यावर उज्वलाने गोळी आणि पाणी पुढे धरलं. कुसाबाईंनी पाणी प्यायलं, गोळी परत दिली.

"आई, ऐका ना माझं."

"तू ऐक. ह्यांचं अर्धं अंग गेलं तवा सहा वर्सं मी त्यांचं सगळं केलं. हागणंमुतणं केलं. माणूस रडायचा रोज, लाजेनं. मला तुझ्याकडून तसलं करून घ्यायचं नाय. तो म्हनला, रोग नाय. मग मला तेवढं सुखानं जगू दे की."

म्हणजे ज्या भीतीने गोळी घ्यायची, त्याच भीतीने ही बाई गोळी सोडून बसली होती. त्या हरामखोराने नेमकी तीच जागा पकडली होती. उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, तो लबाड आहे. मी सांगते तुम्हाला, तो चहा गोकर्णाच्या फुलांचा आहे. आपल्या सोसायटीच्या भिंतीवर ढीगभर वेल आहे त्याचा. फुलं उकळली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की गुलाबी. थांबा, दाखवते."

तिने लगेच भिंतीवरची फुलं आणली, उकळली, लिंबू पिळलं. पाणी गुलाबी झालं. कुसाबाईंनी ते शांतपणे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बरं. सगळ्यांच्यात त्यानं लिंबू घातलं. मंग माझ्यात का नाय घातलं? माझ्यावर त्याचं काय लय प्रेम उतू चाललं व्हतं?"

सगळं विज्ञान शिकवून झालं आणि घोटीच्या बाईने एका प्रश्नात उज्वलाची बोलती बंद केली. हर्षलनेही, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हात टेकले. "आई हट्टी आहे गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, जसं काही ही बातमी होती.

दोन दिवसांनी संध्याताईंनी दोघींना चहाला बोलावलं. पाचपैकी हिरवा चहा त्यांनी मोठ्या हौसेने केला होता. कप पुढे आले. कुसाबाईंनी पिशवीतून बाटली काढली, कपात पाणी घातलं, बोट फिरवलं, पाणी मोरीत फेकलं.

"मावशी, आमच्याकडे कप घासलेले असतात हो," संध्याताईंनी नाक मुरडलं.

उज्वलाचा कप ओठांपाशीच थांबला. मग ती हसायला लागली, आणि संध्याताईंना वाटलं चहा बिघडला.

त्या रात्री जेवताना ती सासूबाईंना म्हणाली, "आई, येत्या रविवारी आपण परत जाऊ. एकच करायचं, कप विसळायचा नाही. चहा निळा राहिला तर मी गोळीचं नाव जन्मात काढणार नाही. गुलाबी झाला तर तुम्ही गोळी घ्यायची."

"हे काय कबूल करून बसलीस?" हर्षल घाबरून म्हणाला.

कुसाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्यांना गटारातलं पाणी प्यायला सांगितलंय. "न विसळता? त्यापरीस गोळी घ्या म्हन."

"मग घ्या."

"ती नाय घ्यायची." थोडा वेळ भाकरी कुस्करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरं. नाय विसळत."

रविवारी गर्दी आधीपेक्षा दुप्पट होती. धनराजजींनी मागच्या रविवारची 'निळी माउली' सगळीकडे गाजवली होती. त्यांनी कुसाबाईंना हाताला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांना दर्शन घ्यायला सांगितलं. त्या भरात सेविकेने नेहमीच्या, नव्या लोकांच्या तबकातलाच कप दिला. तिला वाटलं, मागच्या वेळी याच तबकातल्या कपात निळा राहिला होता, माउलीच ती.

कुसाबाईंचा हात सवयीने पिशवीकडे गेला. उज्वलाने श्वास रोखला. हात परत आला. चहा ओतला गेला.

जांभळा झाला. मग गुलाबी झाला, संध्याताईंच्यापेक्षाही गडद.

धनराजजी खाकरले. "माउली, या आठवड्यात कुणाचा द्वेष केलात का? की सूनबाईंनी चोरून गोळी चारली?"

"एकपन नाय घेतली," कुसाबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकून नाय घेतली. मागल्या ऐतवारी मी पंचविशीची व्हते. आठ दिसांत एवढी म्हातारी कशी झाले?"

"ऊर्जेचा... म्हणजे लहरींचा..." योगीराज ततपप करू लागले.

उज्वला उठली. तिने त्याच तबकातले दोन कप उचलले. एक सासूबाईंच्या बाटलीतल्या पाण्याने खसखसून विसळला, एक तसाच ठेवला. सेविका किटली सोडेना, तेव्हा कुसाबाईंनीच ती तिच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही कपांत चहा ओतला. विसळलेला निळा, कोरडा गुलाबी. दोन्ही कप कुणीच छातीशी धरले नव्हते.

"आता एक तुमच्यासाठी, धनराजजी. तुम्ही एकशे दहाचे," उज्वला म्हणाली आणि तिसरा कोरडा कप त्यांच्या हातात दिला.

"योगी स्वतःची परीक्षा घेत नसतो, ताई."

"आम्ही घेतो," संध्याताई म्हणाल्या. आपला गुलकंद त्यांना आठवला असावा. त्यांनी ओतला. योगीराजांचा आत्मा भर सभेत गुलाबी झाला.

उज्वलाने तबकातल्या एका कपात बोट फिरवलं आणि सासूबाईंपुढे धरलं. "चाखून बघा, आई."

कुसाबाईंनी चाखलं, तोंड वाकडं केलं. "आंबट ढ्यान हाय."

"लिंबूसत्त्व," उज्वला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पाण्यात विरघळवून कपाला आतून फासायचं आणि वाळवायचं. पांढऱ्या कपात दिसत नाही. गोकर्णाचा निळा रंग आंबटाने गुलाबी होतो, वयाने नाही. कोर्स घेतलेल्यांना स्वच्छ कप मिळतात, म्हणून त्यांचा निळा राहतो. आणि आमच्या आईंनी कप विसळला, म्हणून त्या माउली झाल्या."

लोक तबकांवर तुटून पडले. जो तो कप चाटून बघत होता. पंचविशीचे व्हायला आलेले सगळे त्या वेळी पाच वर्षांचे दिसत होते. या गडबडीत चहायोगी कार्यालयाच्या मागच्या दाराने, खरकट्या भांड्यांच्या वाटेने, निघून गेले. किटल्या राहिल्या, आणि संध्याताईंची पोलीस चौकीतली तक्रारही.

कुसाबाई मात्र खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "म्हंजे रोग हाय माझ्यात," त्या हळूच म्हणाल्या.

"आहे, आई. आणि गोळीही आहे. बाबांच्या वेळी घोटीत ना कुणी रक्तदाब मोजला, ना कुणी गोळी दिली. तुम्हाला मिळतेय. तुम्ही पडून राहू नये म्हणूनच ती आहे."

कुसाबाईंनी पदराने डोळे टिपले. मग हात पुढे केला. उज्वलाने पर्समधून गोळी काढून दिली, आणि कुसाबाईंनी टेबलावरचा एक रिकामा कप घेतला, विसळला, पाणी फेकलं, पुन्हा विसळला, आणि त्यात पाणी घेऊन गोळी गिळली.

चहा प्या हो, हिरवा प्या, निळा प्या, आल्याचा तर प्याच. त्याने जीव सुखावतो, एवढं पुरे आहे. पण उन्हात राबलेला चेहरा चहाने धुतला जात नाही, आणि रक्तदाब रंग बघून उतरत नाही. कुणी तुमच्या भीतीवर फुंकर घालून म्हणेल, औषध सोडा, तर त्याला डॉक्टरपुढे उभं करा. आणि कुणी चमत्कार पाजायला आलाच, तर ओतू देण्याआधी कप तेवढा आपल्या पाण्याने विसळून घ्या.