हलव्याचा मुकुट

आयुष्यभर या हिंदी मुलखात, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहिले. नळ गळला की अर्ज करायचा, एवढंच ठाऊक. निवृत्तीनंतर यांनी साकेत नगरात घर बांधलं आणि वर्षभरात स्वतःच गेले. मग मी, रत्नप्रभा, उतारवयात घरमालकीण झाले आणि पहिल्याच महिन्यात डोक्याला ताप झाला.

वरच्या मजल्यावर अकोल्याहून आलेले जितेंद्र आणि स्वरदा, सोबत आठ महिन्यांचा आदू. खाली मागच्या खोलीत मानसी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी. ती सकाळी येऊन आडवी व्हायची आणि नेमका तेव्हाच आदू गळा काढायचा.

"काकू, मला नींद पाहिजे. एक तर ते राहतील, नाही तर मी. आज फैसला करा."

फैसला काय करणार, कपाळ! दोन्ही भाडेकरू गरजेपोटीच आलेले. मी तिचा हात धरून तिला वर नेलं. म्हटलं, भांडा एकदाचे समोरासमोर.

स्वरदा मुलाला घेऊन येरझारा घालत होती. त्याचे ओठ निळे पडले होते.

"हृदयाला भोक आहे हो," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर ऑपरेशन. रडला की असा निळा पडतो, म्हणून मी रडू देतच नाही, पण..." आणि ती माफी मागायला लागली. मानसीने मूल तिच्याकडून घेतलं.

त्यानंतर ड्यूटीवरून आली की मानसी आधी वर जायची. आदू तिच्या खांद्यावर गप्प व्हायचा. मी झोपेचं विचारलं तर म्हणायची, "वो बाद में, काकू. पिल्लू मला पहचानतो."

पहिली संक्रांत, म्हणून अंगणात बोरन्हाण ठरलं. काळं झबलं मी शिवलं. हलव्याचे दागिने मानसीने केले. मुकुटासाठी तिने दोनदा त्याच्या डोक्याचं माप घेतलं. इतका आनंद या घरात यांच्यानंतर पहिल्यांदाच होता.

भोगीच्या सकाळी आदूला धाप लागली. जितेंद्र त्याला उचलून दवाखान्यात धावला, मागे स्वरदा. दुपारी दोघं परत आली, रिकाम्या हातांनी.

आठवड्याने त्यांनी खोली सोडली. जाताना स्वरदाने झबलं मागून घेतलं. मुकुट मानसीने दिला नाही, आणि मी विचारलंही नाही.

परवा खोली बघायला एक जोडपं आलं. मानसी पायरीवर चहा घेत बसली होती.

"आंटी, यहाँ शोर तो नहीं होता ना?" बाईने विचारलं.

"नहीं," मानसीच म्हणाली. "बिलकुल नहीं."

कप तसाच ठेवून ती आत गेली. कडी लागली आणि आतून रडणं ऐकू आलं, मोठमोठ्याने, आदूसारखं गळा काढून. जोडपं माझ्याकडे बघत राहिलं.

"कमरा नहीं देना है," मी म्हटलं आणि फाटक लावून घेतलं. तिला गप्प बस म्हणणारं कुणी मला या घरात नको.