गरम पाय

झाकण खणकलं. ज्वारीची पेज उतू जायला आली होती. खोलीतली शांतता मोडली, मांडीवरच्या तान्ह्या लेकीनं दचकून हात पसरले आणि ती पुन्हा झोपली. मी तिला अलगद खाली ठेवलं आणि कपाटातून पांढरा शर्ट काढला, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या असलेला.

आई पेजेचा वाडगा घेऊन आत आली. शर्ट पाहून थबकली.

"हे काय, गाओने?"

"आज विमानाची परीक्षा आहे. सांगितलं होतं की तुला."

"मला वाटलं, एव्हाना शहाणी झाली असशील."

दारात लाकूड आडवं ठेवलेलं होतं, बाळ जन्मल्या दिवसापासून. ते आहे तोवर बाळंतिणीनं बाहेर जायचं नाही, आणि वाटा तुडवून आलेल्यानं आत यायचं नाही; त्याच्या पायांची गरमी बाळाला बाधते. माझा नवरासुद्धा कुंपणापाशी उभा राहून "पिते ना नीट?" एवढंच विचारून जातो.

पण पुराचं पाणी डेल्टात, नदीच्या फाट्यांच्या दलदलीत, पसरलं होतं; ते विमानातून बघायला पाहुणे यायला लागले होते. आमच्या विमान कंपनीचा चीफ पायलट हेन्ड्रिक फोनवर म्हणाला होता, "आज परीक्षा दिलीस तर सीट तुझी. नाहीतर त्या नव्या पोराची. तू ऑफिसात बस की. पाहुण्यांच्या बॅगा तोलायला माणूस हवाच आहे."

नवं पोर समुद्रापलीकडून आलेलं. उड्डाणाचे तास जमवणार आणि मोठ्या विमानावर निघून जाणार. मी इथली, मौन गावची. कुठे जाणार?

"बाळाला काही झालं तर?" आई म्हणाली. "किती जणांची पावलं तुडवून येशील!"

"आकाशात कुणी चाललंय का, आई? तिथं पायवाटच नाही."

"जीभ बघा हिची! विमानतळापर्यंत काय उडत जाणार आहेस?"

माझी पाच वर्षांची वामे खुदकन हसली. आजीनं डोळे वटारले. मी बाटलीत काढून ठेवलेलं दूध दाखवलं, बाळाच्या कपाळाचा वास घेतला आणि लाकूड ओलांडलं. मागून कुणी हाक मारली नाही. हाक मारली असती, तर बरं वाटलं असतं.

विमानात हेन्ड्रिक शेजारच्या सीटवर बसला. "झोप झाली का?"

"तुमची झाली का? परीक्षा तुम्हाला घ्यायचीये."

खाली पाणी, लव्हाळी, ताडांची बेटं. एका बेटावरच्या धावपट्टीच्या मधोमध हत्तीण उभी, पिल्लासकट. मी अगदी कमी उंचीवरून एक फेरी मारून त्यांना हुसकावलं. ती कान फडफडवत पिल्लाला पुढे घालून निघाली. धावपट्टी मोकळी झाल्याची खात्री करायला पुन्हा फेरी मारली.

"एक फेरी पुरते," हेन्ड्रिक म्हणाला.

"पिल्लू मागे राहिलं असतं तर ती परत आली असती."

उतरलो, पुन्हा उडालो. उंची मिळाली, तसा त्यानं हात पुढे करून इंजिनाची ताकद काढून घेतली. "इंजिन गेलं. आता?"

एकदम शांत झालं, वारा तेवढा काचेवर घासत होता. मी नाक खाली घेतलं, वेग धरला, वाळलेल्या गवताचा एक पट्टा निवडला. आणि नेमकं तेव्हाच छातीत कळ आली, दूध दाटून आलं. शर्ट समोरून भिजत गेला. हेन्ड्रिकची नजर तिकडे गेली, मग तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"हवं तर आपण थांबू," तो पुटपुटला.

"वेगाच्या काट्याकडे बघा, हेन्ड्रिक. शर्ट माझा मी धुईन."

गवत जवळ आलं, आणखी जवळ. पट्टा बरोबर समोर होता, सरळ, कोरडा. उतरता आलं असतं. अगदी शेवटी त्यानं ताकद परत दिली. मौनच्या धावपट्टीवर उतरलो. मी इंजिन बंद केलं, तसा तो म्हणाला, "सोमवारी पहिलं उड्डाण तुझं."

"आणि बॅगा?"

"त्या पोराला तोलू दे."

घरी आले. आई लाकडाच्या अलीकडे पाण्याची बादली घेऊन बसली होती. पाण्यात कसली तरी पानं तरंगत होती.

"जागची हलू नकोस. पाय पुढे कर."

"आई, मी पास झाले. सोमवारी पहिलं उड्डाण माझं."

"कानानं नाही, पायानं आत यायचंय तुला." तिनं माझे पाय घोट्यापर्यंत खसाखसा चोळले, लहानपणी चोळायची तसे. मग मान वर न करता म्हणाली, "सोमवारी निघण्याआधी दूध जास्त काढून ठेव. आज पुरलं नाही."

मी लाकूड ओलांडून आत गेले. वामे बाळाशेजारी बसली होती. तिनं माझ्या शर्टावरच्या ओल्या डागाला बोट लावलं.

"आई, बाळ खूप रडलं. तुला वर ऐकू आलं का?"