जनावरांच्या दवाखान्यातला मुका टेलिफोन

मी एक जुना टेलिफोन आहे. रंग मळकट पिवळा, वायर गुंतलेली, आणि आठच्या आकड्याचं बटण जरा जोरात दाबावं लागतं. बिंडारा गावात, जनावरांच्या दवाखान्याच्या पुढच्या खोलीत मी भिंतीवर टांगलेला आहे. मित्रांनो, माझी कहाणी फारशी आनंदाची नाही, तरी ऐका.

मला घडवणारा कारखाना आता आठवत नाही. आठवतात ते डॉक्टर ऑस्टिन फेल्प्स. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला इथे बसवलं. गायीचं पोट शिवणारा तो माणूस, पण स्क्रू मात्र वाकडा बसवला. म्हणून मी कायम डावीकडे कललेला. माझ्याखाली औषधांचा फ्रीज होता आणि समोर दवाखान्यातले फोन घेणाऱ्या ग्लेनिसचं टेबल.

मी वाजलो की ग्लेनिस तोंडातलं बिस्कीट गालात सारून रिसीव्हर उचलायची. "बोल, कोण आजारी आहे? तू की गाय?" पलीकडचा माणूस घाबरलेला असला तरी हसायचा. कुणाची मेंढी अडली असेल तर ती म्हणायची, "हात साबणाने धू आणि रडू नकोस. डॉक्टर गाडीत बसलेत." तोवर डॉक्टर खरोखरच गाडीत बसलेले असायचे. एकदा एका बाईने मला थोपटून सांगितलं, "या डब्याने माझी घोडी वाचवली." घोडी डॉक्टरांनी वाचवली होती, पण मी मात्र कितीतरी दिवस फुगून बसलो होतो.

पुढे डॉक्टरांची पाठ कामातून गेली. एवढ्या लांब यायला कुणी तरुण डॉक्टर तयार होईना. शेवटी त्यांनी दवाखाना मेलबर्नच्या एका कंपनीला विकला.

"पाटी तीच राहणार, माणसं तीच राहणार," ते ग्लेनिसला म्हणाले. "त्यांनी शब्द दिलाय."

"कुणी दिला? नाव काय त्याचं?"

डॉक्टरांना नाव आठवेना.

थोड्याच काळात ती कंपनी दुसऱ्या, आणखी मोठ्या कंपनीने गिळली. तिचे मालक समुद्रापलीकडे कुठेतरी होते. पाटीवर मात्र फेल्प्स हेच नाव राहिलं. मग कोर्टनी नावाच्या व्यवस्थापक बाई आल्या. यापुढे दवाखान्याला येणारे सगळे फोन शहरातल्या एका केंद्रात जातील, असं त्यांनी सांगितलं.

"तुमचा वेळ वाचेल, ग्लेनिस."

"वाचवून काय करू त्याचं? लोणचं घालू?"

कोर्टनीबाई हसल्या आणि निघून गेल्या. माझ्यावरून बाहेर फोन करता येत होता, म्हणून मला काढलं नाही. पण मी वाजायचा थांबलो. पहिल्या आठवड्यात ग्लेनिस मधूनच मान वर करून माझ्याकडे बघायची, वाजल्याचा भास झाल्यासारखी.

नोव्हेंबरातली, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यातली, एक तापलेली सकाळ होती. दवाखान्यात एकही जनावर नव्हतं. नवी डॉक्टर मेलिंडा चहा पीत बसली होती. तेवढ्यात दाराशी गाडी करकचून थांबली आणि नेव्हिल ब्रॅडी आत आला. त्याच्या हातांवर टिली होती, मेंढ्या वळवणारी त्याची लाल कुत्री. तिची मान लोंबत होती.

"साप," नेव्हिल म्हणाला. "तपकिरी. लोकरीच्या शेडमध्ये."

मेलिंडाने कप तसाच टाकला. माझ्याखालचा फ्रीज उघडला, विषावरचं औषध काढलं आणि टिलीला आत नेलं.

"अरे, आधी फोन नाही का करायचा?" ग्लेनिस ओरडली. "सगळं तयार ठेवलं असतं!"

"केला ना! आधी किती वेळ गाणी ऐकवली. मग एका पोरीने टिलीची जन्मतारीख विचारली. म्हणाली, बिंडाऱ्यात आज जागा नाही, डबो शहरातल्या दवाखान्यात न्या. मी डबोच्या रस्त्याला लागलो. वाटेत टिलीचे पाय लुळे पडले, तेव्हा गाडी फिरवली." तो खुर्चीत बसला. "जाताना तुझ्या दारावरूनच गेलो गं. तुझी गाडी उभी दिसली. पण जागा नाही म्हणाली ना, वाटलं, आत गर्दी असेल."

ग्लेनिसने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

टिली वाचली नाही. मेलिंडाने बाहेर येऊन नुसती मान हलवली. नेव्हिलने आरडाओरडा केला नाही. त्याने कुत्रीला आपल्या शर्टात गुंडाळलं आणि दाराशी वळून मेलिंडाला म्हणाला, "तुझा चहा निवला बघ." तो गेल्यावर मेलिंडा रडली.

मग ग्लेनिसने माझा रिसीव्हर उचलून केंद्राचा नंबर लावला. गाणी वाजली. बऱ्याच वेळाने एक गोड आवाज आला, "आपल्या लाडक्या प्राण्याचं नाव?"

"टिली."

"टिलीसाठी आज मी काय करू शकते?"

पलीकडची मुलगी वाट पाहत राहिली. तिचा काय दोष, मित्रांनो? तिने बिंडारा कधी पाहिलंच नव्हतं. ग्लेनिसने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. नाताळाच्या आधी तिने नोकरी सोडली. पाठोपाठ मेलिंडाही गेली.

आता दवाखाना आठवड्यातले दोनच दिवस उघडतो, आणि दरवेळी वेगळा डॉक्टर येतो. नेव्हिलने मेंढ्या विकल्या. दुसरं कुत्रं त्याने आणलं नाही. माझ्या अंगावर धूळ बसली आहे. ती पुसा असं मी म्हणणार नाही, मला तिचा त्रास होत नाही. त्रास त्या सकाळचा होतो. औषध माझ्या पायाशी होतं, डॉक्टर समोर बसली होती, आणि मी गप्प होतो.

मित्रांनो, तुमच्या गावात नुसत्या आवाजावरून तुम्हाला ओळखणारं कुणी दुकानात, दवाखान्यात अजून बसत असेल, तर त्या माणसाला जपा. आणि उद्या मोठे होऊन तुम्हीच कसले मालक झालात, तर अडल्यानडल्याची हाक फार लांब पाठवू नका. ती जवळच्या माणसाच्या कानावर पडू द्या.