बळीरामदादाची उत्तरं
जानराव हसला की शेजारच्या खोलीतलं मूल दचकून उठायचं आणि चिडला की जेवणाचं ताट थेट अंगणात जायचं. असला माणूस पोलादाच्या कारखान्यात वितळलेलं लोखंड उचलणारी क्रेन चालवायला निघाला! त्याच्या बायकोने, रुक्माने कपाळावर हात मारला. पण क्रेनवाल्याला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहात पक्कं क्वार्टर मिळणार होतं, आणि मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीला ती विटली होती. "जा," असंही तिनेच म्हटलं.

निवडीला मनाचे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, काही माणसांचं मन बाहेर धावतं, काहींचं आत मुरतं. क्रेनवर आत मुरणारा हवा. मग त्यांनी शाईचे डाग दाखवून काय दिसतं ते विचारलं.

"मंग तुमी काय सांगतलं?" रुक्माने विचारलं.

"माह्यं काईच नाई. बळीरामदादा जे बोलला असता, थेच बोललो. पास!" जानराव खो खो हसला.

ते त्याचं शेवटचं हसणं. बळीराम त्याचा थोरला भाऊ, रेल्वेच्या दुर्ग लाइनीवर रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, कधीचाच गाडीखाली जाऊन वारला होता. शांत माणूस, मान कायम खाली.

नव्या क्वार्टरात आरडाओरडा थांबला. सुटले बाई, असं रुक्माला वाटलं. मग तो गुळाचा चहा मागू लागला. गुळाचा चहा बळीराम प्यायचा. तो तिच्याकडे बघेना, अंथरूणही बाहेरच्या खोलीत नेलं. एकदा तिने मुद्दाम वरणात मूठभर मीठ घातलं. ओरड रे, फेक ते ताट! त्याने मुकाट्याने सगळं संपवलं. रुक्मा चुलीपाशी बसून रडली.

"असे कावून करून राहिले जी?"

तो भिंतीला म्हणाला, "जानराव आला का त्याले सांगजा."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. थोरला दीर घरात शिरताना असाच खाकरतो, धाकट्याच्या बायकोने डोक्यावर पदर घ्यावा म्हणून. आज पदर घेतला तर आपला नवरा गेलाच, हे रुक्माला कळलं. ती तशीच उघड्या डोक्याने दारात उभी राहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली, "जानराव!"

बाहेरच्याने लाजून चटकन पाठ फिरवली.

"थो नाई आला अजून," तो म्हणाला. "मी ओट्यावर बसतो."

आणि रुक्माचा हात, तिला न विचारता, पदराकडे गेला.