माहेरी गेलेलं तिकीट

गंगूताईंचं पाकीट आलं नाही, हे भागूबाईला पोस्टमनच्या पाठीवरूनच कळायचं. त्याची गाडी दारापुढून न थांबता गेली, की तो दिवस संपला. मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात.

सेनगावात तिचं दोन खोल्यांचं घर. नर्सची नोकरी संपली, नवरा त्याच्या आधीच गेला, मुलगा रवींद्र नाशकात. तो फोन करायचा, गोड बोलायचा, पण पोस्टाच्या तिकिटांचा विषय निघाला की म्हणायचा, "आई, मोबाइलवर जगातली सगळी तिकिटं दिसतात. ते भिजवणं-वाळवणं कशाला?"

"मोबाइलवर लाडूबी दिसतात, बाबा," भागूबाई म्हणायची.

ही खोड लागली ती जवळा बाजारला. लसीकरणाला फिरताना ती पुजाऱ्यांच्या घरी गेली, तर त्यांची सून गंगूताई परातीतल्या पाण्यात तिकिटं भिजवत बसलेली. अभिषेक करा म्हणून गावोगावच्या भक्तांची पत्रं यायची. सासरे पत्र ठेवून घ्यायचे आणि ही पाकीट. कागद भिजला की तिकीट अलगद सुटतं. भागूबाईनं लसीची पेटी खाली ठेवली आणि परातीत बोट घातलं. ती जयभीमवाल्यांची लेक. त्या घरात तेव्हा तिला प्यायचं पाणी वरून ओतायचे. पण परातीतलं पाणी दोघींचं एकच होतं, आणि सासूबाईंच्या ते लक्षात येईपर्यंत मैत्री होऊन गेली होती.

पुढं भागूबाईची बदली झाली आणि सगळा व्यवहार पोस्टानं सुरू झाला. नियम गंगूताईंचे. तिकिटाची गोष्ट फोनवर करायची नाही. आपल्याकडं एकसारखी दोन असतील तर एक दुसरीला धाडायचं. आणि अधूनमधून आपलं एखादं लाडकं तिकीट दुसरीकडं माहेरपणाला पाठवायचं. महिनाभर तिनं ते मन भरून बघावं, मग परत पाठवावं.

यंदा भागूबाईनं हातमागाचं चित्र असलेलं धाडलं होतं. साधंच तिकीट, जाणकार ढुंकूनही बघणार नाही. पण तिच्या नोकरीची ऑर्डर ज्या पाकिटातून आली त्यावरचं ते, आणि गावाच्या शिक्क्याची गोल चकती त्याच्यावर पुरी उमटलेली. इतक्या वर्षांत ते कधी घराबाहेर गेलं नव्हतं. श्रावण गेला, गणपती गेले, माहेरवाशीण काही परतली नाही. शेवटी नियम मोडून फोन केला, तर गंगूताईंची सून केतकी उचलायची. "आई झोपल्यात, मावशी." सकाळी झोपलेल्या, भरदुपारी झोपलेल्या, दिवे लागतानाही झोपलेल्या.

एक तर तिकीट गेलं, नाहीतर गंगूताई. भागूबाईला दोन्हीची भीती वाटली. तिकिटाचा विचार आधी आला, याची लाजही वाटली.

बाजाराच्या दिवशी तिनं एसटी धरली.

गंगूताई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, चांगल्या जाग्या. भागूबाईला बघून त्यांनी सूप पुढं ओढलं, जसं काही त्याच्याआड लपता येणार होतं.

"झाली का झोप?" भागूबाईनं विचारलं.

"या," गंगूताई म्हणाल्या. एवढंच.

"माझी लेक हितं सासुरवास काढून राहिली का काय? काहून धाडली न्हाई?"

गंगूताई टरफलं चाळू लागल्या. तेवढ्यात केतकी हौसेनं बाहेर आली. "मावशी, आईंच्या सत्तरीला मी काय केलं, ते सांगितलंच नाही का त्यांनी?" आणि तिनं आतून चकचकीत, ताठ प्लास्टिकचे कागद आणून भागूबाईच्या मांडीवर ठेवले. "आधार कार्डं घेऊन झेरॉक्सवाल्याकडं गेले होते. म्हटलं, ह्यांचंही लॅमिनेशन करून टाकू. पावसाळ्यात वह्या दमट व्हायच्या. आता शंभर वर्षं काही होत नाही!"

सगळी तिकिटं त्यात होती, ओळीनं, रंगावारी. आता त्यांची पाठ बघता येणार नव्हती, ती चिमट्यात धरता येणार नव्हती, कुणाला पाठवता तर मुळीच येणार नव्हती. एका कोपऱ्यात हातमाग. बरोबर शिक्क्यावर हवेचा बुडबुडा अडकलेला.

भागूबाईनं त्यावरून अंगठा फिरवला. दवाखान्यात काचेबाहेरून आपलं माणूस बघतात, तसं ती बघत राहिली.

"छान केलं, पोरी," ती म्हणाली.

केतकी खूश होऊन चहा टाकायला आत गेली.

"मीसुद्धा हेच म्हणाले होते," गंगूताई हळूच बोलल्या. "आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले."

"मला काहून न्हाई सांगितलं मग?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तुमचा फोन वाजला की डोळे मिटून पडायचे. तुमचं गेलं. आणि माझ्याकडं द्यायला आता एक तिकीट नाही. म्हटलं, द्यायलाच काही नाही, तर तुम्ही लिहाल कशाला?"

"लई शहाण्या! म्हंजे इतकी वर्षं मी निस्त्या तिकिटासाठी..." भागूबाई मधेच थांबली. थोडं खरंच होतं ते. "आधी असंल," ती म्हणाली. "आधी असंल तसं."

गंगूताई हसल्या, आणि पदरानं नाकही पुसलं.

केतकी चहा घेऊन आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात कात्री होती, ऐकलं असावं. तोंड एवढंसं झालेलं. "मावशी, तुमचं एक आहे म्हणे ह्यात. कापून देऊ?"

"नको गं. ऱ्हाऊ दे माहेरी. बरी दिसून राहिली."

एसटीत येताना मात्र तिला खिडकीबाहेरचं काही नीट दिसलं नाही. घरी वहीतली हातमागाची जागा तिनं तशीच मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली. पाकिटावर गंगूताईंचा पत्ता घातला आणि ते खिडकीत सरकवलं. क्लार्क यंत्रातून स्टिकर काढायला लागला.

"स्टिकर नका लावू. तिकीट द्या. चित्राचं."

त्यानं पाकीट हातात तोललं. "मावशी, आत तर काहीच नाही."

"जे हाय ते वरच हाय." तिनं तिकीट स्वतः लावलं, कडेपासून सरळ. "आन् शिक्का कोपऱ्यावर मारा. हळू. चित्र झाकू नका."

"कोण बघून राहिलं आता शिक्का?"

"हाय एक बघणारी," भागूबाई म्हणाली, आणि तो शिक्का मारेपर्यंत तिथंच उभी राहिली.

घरी येऊन तिनं तिकिटं भिजवायची परात घासली. एरवी ती पालथी घालायची. आज उताणीच ठेवली.