कणी कोणाची

धान कांडायची ढेकी माझ्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात होती, माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेली, आणि गाव तिला म्हणायचं शेवंताची ढेकी. आता याला काय म्हणावं? लाकूड पायानं दाबत मी उभी राहायची, गुडघे माझे दुखायचे. शेवंता खाली बसून उखळातलं धान नुसतं हातानं वरखाली करायची. पण टोपली घेऊन आलेली बाई दारातूनच विचारायची, "शेवंता हाय का?" ती नसली की टोपली तशीच डोक्यावर घेऊन माघारी. मी म्हणजे जणू ढेकीचंच एक लाकूड.

शेवंताला बोलायला यायचं, हे खरं. हसायला तर फारच यायचं. मला तिचा हेवा वाटायचा आणि तो लपवण्याच्या भानगडीत मी कधी पडले नाही. तोंडावर दिसायचाच, मग लपवून काय करणार?

कांडणीचे पैसे आम्हाला मिळत नसत. तांदूळ मालकाचा, कणी आणि कोंडा आमचा, दोघींत निम्मा-निम्मा. त्या कणीची संध्याकाळी पेज व्हायची. दुष्काळात सगळं गाव रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, गिळत होतं, तेव्हाही माझ्या चुलीवर थोडी का होईना पेज होती. आमचे घरधनी ती रोज प्यायचे, एक शब्द न बोलता. चांगली म्हटली नाही, वाईटही म्हटली नाही. आपण वाट पाहणं सोडलं आहे, असं मी शेवंताला सांगायची. सोडलं नव्हतं.

दुष्काळ सरला आणि पवनीचा धानाचा व्यापारी बाबूलाल आमच्या गावात हलर टाकायचं म्हणू लागला. डिझेलवर चालणारं यंत्र, वरून धान ओतलं की खालून तांदूळ. आमचं आठवड्याचं काम ते सकाळच्या न्याहारीआधी उरकणार होतं. शेवंतानं एक दिवस उखळात हात असतानाच मला सांगितलं.

"गोदाबाई, बाबूलालशेठनं मले हलरवर बोलावलं. चाळणीवर. नगदी देईन म्हणते."

"अन् मले?"

"एकच बाई पाहिजे म्हणते."

माझा पाय लाकडावर होता. ठेका चुकला आणि मुसळ वेळेआधी खाली आलं. शेवंतानं हात झटकन काढून घेतला. बोटं वाचली. इतक्या वर्षांत माझ्या पायावर विश्वास टाकून बसलेली ती बाई, पहिल्यांदाच घाबरून माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी कणी वाटताना तिनं माझ्या सुपात जरा जास्त टाकली. तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

हलरला गावात जागा द्यायची की नाही, यावर शाळेच्या पडवीत सभा भरली; बाबूलालही येऊन बसला होता. सरपंच पुंडलिकरावांचा पुतण्या श्रावण नागपूरला अर्थशास्त्र शिकत होता. तो सुट्टीवर आलेला, म्हणून पहिला तोच उठला.

"दुसऱ्या देशाच्या मिलोवर किती दिवस जगाचं? धान वाढवाचं असन तर यंत्र पाहिजे. सारा देश पुढं जाऊन राहिला, आपुन ढेकीपाशी बसून राहाचं काय?"

"यंत्र आलं का हात रिकामे," पुंडलिकराव म्हणाले. "हाताले मजुरी नाही, तर कोठारं भरून बी गरीब खाईन काय?"

"मजुरी दुसरीकडं निंघते, काका."

"कुठी निंघते? नागपुरात?"

लोक हसले. असं बराच वेळ चाललं. मला देशाची काळजी पडली होती, असं कोणी समजू नये. मला शेवंता त्या चाळणीवर नको होती, एवढंच. मी भिंतीजवळून उठले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाबूलालशेठ, भरडाईचे पैसे कमी घेतो म्हणता. मंग कणी-कोंडा कोणाचा?"

"तो हलरवाल्याचा, बाई. रीतच हाय तशी."

"म्हंजे गावाच्या पोटातली पेज तुमच्या पोत्यात. अन् यालेच पुढं जाणं म्हणतेत?"

सारं गाव माझ्याकडे पाहत होतं, शेवंतासुद्धा. काय सांगू, फार गोड वाटलं. वाटलं, आता म्हणा शेवंताची ढेकी.

पुंडलिकरावांनी मान डोलावली. "गोदाबाईचं बराबर हाय. बाबूलालले कणी कायले पाहिजे? धान आमचं, तर कणी बी आमची."

"हो ना," मागून दोघंतिघं म्हणाले. सगळे बांध्यांचे, धानाच्या शेतांचे मालक. ढेकीवर सोडलेल्या कणीची त्यांना आजवर आठवण नव्हती. ती मी करून दिली. बाबूलालनं भरडाई थोडी वाढवून मागितली, ती मिळाली. हलर येणार, आणि ज्यानं त्यानं आपली कणी, आपला कोंडा घरी न्यायचा, असं ठरलं.

"अन् कांडणाऱ्या बाईची कणी?" मी विचारलं. तोवर लोक उठून चपला शोधत होते. ऐकलं फक्त शेवंतानं.

धानकापणीनंतर हलर सुरू झालं. त्याची फटफट माझ्या सांदवाडीपर्यंत यायची. ढेकीवर कोंबड्या बसू लागल्या. शेवंतानं पहिल्या पैशातून चपला घेतल्या. रस्त्यानं चटचट वाजवत जायची, ते मी आतून ऐकायची.

हलर बंद करताना जमिनीवर सांडलेलं झाडणारीचं, असं तिनं बाबूलालकडून कबूल करून घेतलं होतं. एका संध्याकाळी ती पदर सावरत माझ्या दारात आली. चपला बाहेर काढल्या आणि पदरातली कणी माझ्या सुपात ओतली.

"निम्मी हाय, गोदाबाई. पहिल्यावानी."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण घरात शिजवायला काही नव्हतं. मी सूप उचललं आणि आत गेले.

यंत्राची कणी पांढरीशुभ्र होती. तिचीच पेज केली. घरधनी प्यायले, वाटी खाली ठेवली आणि तोंड पुसत म्हणाले, "शेवंताची कणी गोड लागते."

इतकी वर्षं पाय झिजवला तो मी. मी आणखी एक पळी त्यांच्या वाटीत ओतली.

"उद्यापासून तिच्याकडंच जेवाले जा."

ते हसले. थट्टा वाटली त्यांना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हलरची फटफट थांबली, तेव्हा मी सूप झटकून दारात ठेवलं.