सगळी मतं मास्तरांना

मी पक्षाचा भोंगा बोलतोय. हातात धरून ओरडायचा, बॅटरीवर चालणारा. दिसायला साधा, पण मनात डूख धरून बसलेला.

मला वाचा दिली आक्काने. ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. फाटकाबाहेर ती माझ्यातून बोलू लागली की बायका ओल्या हातांनीच धावत यायच्या. पक्षाने तिलाच निवडणुकीला उभं केलं. पक्षाचा सचिव म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर.

प्रचार ऐन रंगात आला आणि दिराने तिला कार्यालयात बसवून घेतलं.

"वहिनी, मतं फुटली तर समोरचा तो दंगली पेटवणारा आगलाव्या निवडून येईल. तुम्ही बाजूला व्हा. आपली सगळी मतं डॉक्टरांना."

डॉक्टर म्हणजे त्याच रुग्णालयाचे मालक, तेही निवडणुकीला उभे होते. आक्का मला घेऊन बाहेर पडली. मग चौकात उभं राहून तिने ते माझ्याच तोंडून वदवलं. बायका खाली बघत राहिल्या. टाळी पडली नाही.

आगलाव्या पडला, डॉक्टर आले. वर्षाच्या आत धुलाईघर कंत्राटदाराकडे गेलं आणि आक्कासकट सगळ्या बायका घरी बसल्या. दिराला मात्र रुग्णालयाच्या सल्लागार मंडळावर खुर्ची मिळाली.

"तो आगलाव्या आला असता तर याहून वाईट झालं असतं, वहिनी."

"असेल," आक्का म्हणाली. खरंच असेलही. पण त्यानंतर तिने त्याला कधी जेवायला वाढलं नाही.

पक्षाचं अधिवेशन भरलं. सचिवपदासाठी तिघे उभे होते: दीर, आक्का आणि बैठकीत डुलक्या काढणारे एक निवृत्त मास्तर. आक्काच्या मागे तरुण मंडळी होती, पण एकटीच्या बळावर ती जिंकणार नव्हती. दीर निर्धास्त होता. मतदानाआधी आक्काने मला उचललं.

"मतं फुटली तर भावोजी निवडून येतील. मी बाजूला होते. आपली सगळी मतं मास्तरांना!"

मग मागच्या रांगेतल्या धुलाईवाल्या बायका पोट धरधरून हसल्या. दिराने मला हिसकावलं आणि तावातावाने बोलू लागला. मी अशी शिट्टी फोडली की त्याचा एक शब्द कुणाला कळला नाही. मुद्दाम? हो, मुद्दाम!

दीर पडला. दारात त्याने आक्काला गाठलं. "पक्षाचं वाटोळं केलंत, वहिनी."

"पक्षाचं नाही, तुमचं केलं."

सूड गोड लागतो. खोटं कशाला बोलू?

मास्तर दचकून जागे झाले ते सचिव होऊनच! आता कार्यालयात रोज वाद झडतात. पुढच्या वेळी कुणाशी हातमिळवणी करायची, की एकटंच लढायचं? धुलाईघर परत कसं मिळवायचं? सगळे एकदम बोलतात. आक्का मला मांडीवर घेऊन नुसती ऐकत बसते.

आक्का, कुणाला पाडायचं ते माझ्यातून दोनदा बोलून झालं. तुझा राग माझ्या अंगात मुरलाय, तो जाऊही नये. पण आता बटण दाब आणि आपल्याला काय हवंय ते बोल. डॉक्टरांच्या खिडक्या हादरतील इतक्या जोरात पोचवीन.